लाख

मी शेषेराव, नांदेडच्या कचेरीतला दफ्तरी.
एकतीस वर्षं लाख वितळवली,
आधी मेणबत्तीवर, मग लायटरवर.
पाकिटाच्या पोटावर थेंब पाडायचा
आणि थिजायच्या आत
पितळेचा शिक्का दाबायचा.
अंगठ्याला अजून घट्टा आहे.

आत काय असतं, कधी विचारलं नाही.
न विचारणं हाच पगार होता माझा.
राज्य म्हणजे काय, मला विचाराल
तर तो लाखेचा वास,
आणि वास आला की आपोआप खाली जाणारा
बाकड्यावर बसलेल्यांचा आवाज.

निजामाच्या वेळचं सागवानी कपाट आहे आमच्याकडे.
त्याच्यावरची उर्दू चिठ्ठी वाचणारे
काझी मास्तर वारले, तरी किल्ली
रोज संध्याकाळी सायबाच्या टेबलावर जाते.
कपाट मागून वाळवीनं खाल्लंय.
हे मी कुणाला बोललो नाही.

पोळ्याच्या आदल्या रात्री
कागद बाहेर पडला.
पाकीट फुटलं नाही, कुलूप तुटलं नाही,
लाख तशीच, शाबूत.
चौदा पानं, दोन एमबी.
दिवस उगवेपर्यंत किनवटच्या हॉटेलात,
मांडवीच्या एसटीत, माझ्या सुनेच्या फोनवर.
लाखेनं झाकलेलं
लाखांनी पाहिलं.

सुनेनं भाकरी थापता थापता वाचलं :
गावांची यादी. हातपंपाचं पाणी पिण्यास अयोग्य.
फ्लोराईड. लहान मुलांची हाडं.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.
खाली शेरा, "घबराट टाळण्यासाठी गोपनीय ठेवावे."
त्याच्या खाली जावक क्रमांक,
माझ्या अक्षरातला.
माझा सात असा मोडकाच येतो.

आता खरं सांगू का?
पाणी वाईट, हे गुपित नव्हतंच.
पांगरपहाडची लेकरं हसली
की दातांवर पिवळे पट्टे दिसायचे.
पस्तिशीतला गडी उठताना
गुडघ्यावर हात ठेवून माय म्हणायचा.
गुपित एवढंच होतं
की त्यांना माहीत होतं.

मग कचेरीत धावपळ.
पाणी कुणी तपासलं नाही,
फोन सगळ्यांचे तपासले. माझाही.
बटणाचा बघून सायबाला हसू आलं.
संघरत्न, तो कंत्राटी ऑपरेटर,
त्याचा ठेवून घेतला, आणि त्याला घरी पाठवलं.
परिपत्रक निघालं : कागदाचा फोटो काढल्यास कारवाई.
परिपत्रकाचा फोटो
सहीची शाई वाळायच्या आत फिरला.

चौथ्या दिवशी पांगरपहाडला गेलो,
सायब पुढच्या सीटवर, मी मागं फायली घेऊन.
शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकली होती.
सायब म्हणाले, अफवांवर विश्वास ठेवू नका.
धुरपताबाई उठली,
हातपंप हापसला, तांब्या भरला,
पदरानं बूड पुसलं
आणि पुढं केला.
"उन्हातून आलाव. पाणी घ्या."

तांब्या ओठापर्यंत गेला नाही,
खालीही आला नाही.
कुणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही.
एका पोरानं फोन वर धरला, बस.
लाखेचा वास नव्हता कुठंच,
तरी आवाज खाली गेला.
ह्या खेपेला सायबाचा.

टँकर आला, अकरा दिवस.
बाराव्या दिवशी पुन्हा हातपंप.
संघरत्न अजून घरीच आहे.
त्याच्या आईनं कचेरीच्या पायरीवर
मला एकदा गाठलं, काहीच बोलली नाही,
नुसती माझ्या अंगठ्याकडं बघत राहिली.

परवा नवी लाख आली, दोन पुडे.
सही करून मीच घेतली.
दुपारी एक पाकीट आलं, जाड, तातडीचं.
दार लोटलं. लायटर पेटवला.
आणि थेंब पाडायच्या आधी,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
पाकीट खिडकीच्या उजेडासमोर
धरून बघितलं.